गाडी कोणाची, ते आधी ठरव

चि. कादंबरीकारास,

अनेक आशीर्वाद. तुझा आराखडा आणि पहिली तीन प्रकरणं वाचली. भाषा हातात आहे तुझ्या, म्हणूनच एवढं लांबलचक पत्र लिहायला बसलोय. पण ज्याची अख्खी कारकीर्द तू उभी करणार आहेस, तो अमेरिकन रेसिंग ड्रायव्हर अजून माझ्या डोळ्यांसमोर येत नाही. गरीब घर, पहिल्याच शर्यतीत विजय, बाविसाव्या वर्षी अजिंक्यपद, मग भीषण अपघात, मग पुनरागमन. हे सगळं घडू शकतं, नाही असं नाही. पण तीन प्रकरणं संपली तरी एका साध्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं नाही : तो ज्या गाडीत बसतो ती गाडी कोणाची?

तू म्हणशील, काका, हा काय प्रश्न झाला, गाडी टीमची! बरं, टीम कोणाची? टायरचे पैसे कोण देतं? तो हरला तर कोणाचं नुकसान, आणि जिंकला तर बक्षिसाची रक्कम आधी कोणाच्या खात्यात पडते? (मालकाच्या. ड्रायव्हरला करारात ठरलेला वाटा मिळतो.) या खेळात खेळाडू दुसऱ्याच्या गाडीत, तिसऱ्याच्या पैशावर बसलेला असतो. आज नॅसकारच्या (रोजच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या शर्यती भरवणारी तिकडची संस्था) सर्वांत वरच्या, म्हणजे कप मालिकेत, दर शर्यतीला हमखास जागा असलेल्या गाड्या 36. 2016 पासून तसे परवानेच ठरलेत, त्यांना चार्टर म्हणतात, आणि ते मालकांच्या नावावर असतात. एवढ्या मोठ्या देशात 36 खुर्च्या. तुझ्या नायकाला त्यातली एक मिळवायची आहे आणि ती कधीच त्याच्या मालकीची होणार नाही. मला वाटतं तुझी कादंबरी इथे आहे. वेगाची वर्णनं तू नंतर कधीही लिहिशील.

आधी बारीकसारीक दुरुस्त्या उरकून टाकतो, कारण जाणकार वाचक अशा ठिकाणीच पुस्तक मिटतो. दुसऱ्या प्रकरणात तो ‘दार आपटून’ गाडीत बसतो. नॅसकारच्या गाडीला उघडणारं दार नसतं. खिडकीतून आधी पाय आत टाकायचे, मग अंग सरकवायचं, मग स्टिअरिंग व्हील बसवायचं (ते काढून ठेवतात, नाहीतर माणूस आत शिरत नाही), शेवटी खिडकीला जाळी. पुढचे दिवे हे दिवे नसतातच, दिव्यांचे स्टिकर असतात. आणि ‘स्पीडोमीटरचा काटा तीनशेवर थरथरला’ हे तुझं लाडकं वाक्य काढावं लागेल, कारण स्पीडोमीटर नसतो. इंजिनाचे फेरे दिसतात. पिटमधली (टायर-पेट्रोलसाठी थांबतात त्या गल्लीतली) वेगमर्यादासुद्धा ड्रायव्हर त्या आकड्यावरूनच सांभाळतो. त्याऐवजी आतला उकाडा लिही. तापमान 50 अंश सेल्सिअसच्या पुढे जातं, आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटची 600 मैलांची शर्यत चार तासांच्या आसपास चालते. चार तास त्या भट्टीत बसलेला माणूस शेवटच्या फेऱ्यांत कसा विचार करतो, रेडिओवर कसा चिडचिडतो, तिकडे बघ.

आता नायक. नाव नंतर ठरव, गाव आधी. ‘अमेरिकेतलं एक लहान गाव’ याने काही होत नाही, कारण ड्रायव्हर कुठे जन्मला यावर तो कोणत्या गाडीतून सुरुवात करणार ते ठरतं. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरपायथ्याचा असेल तर आजोबा-पणजोबांच्या काळात हातभट्टीची दारू निघेलच. ज्युनियर जॉन्सन घे. विल्क्स काउंटीतला, रात्री दिवे मालवून घाटातून दारूच्या गाड्या पळवणारा. रस्त्यावर तो कधीच पोलिसांच्या हाती लागला नाही. 1956 साली बापाच्या भट्टीवर, पायी असताना सापडला आणि अकरा महिने तुरुंगात गेला. बाहेर आल्यावर कारकिर्दीत एकूण 50 शर्यती जिंकला, मग टीमचा मालक झाला, आणि पुढे अध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली. हा माणूस लक्षात ठेव, पुढे पुन्हा येणार आहे.

इंडियानाचा असेल तर घरात बोलणं इंडियानापोलिसच्या 500 मैलांचं असेल, आणि सुरुवात मातीच्या ट्रॅकवर मिजेट किंवा स्प्रिंट गाडीतून (दोन्ही लहान, उघड्या चाकांच्या गाड्या) होईल. कॅलिफोर्नियाचा असेल तर जेफ गॉर्डनसारखं होऊ शकतं : पोराला कोवळ्या वयात स्प्रिंट गाडी चालवू देतील म्हणून घरच्यांनी बाडबिस्तरा उचलून इंडियानातलं पिट्सबरो गाव गाठलं. एका मुलाच्या छंदासाठी अख्खं घर हजारो मैल सरकतं, आणि त्यानंतर त्या मुलाला ‘मला आता नको’ म्हणायची सोय उरत नाही. गॉर्डन चार वेळा कप मालिकेचा विजेता झाला म्हणून ही हकिकत गोड वाटते. तुझ्या नायकाच्या शाळेत असंच घर हलवलेली आणखी एकदोन मुलं असू देत, ज्यांचं पुढे काही झालं नाही.

मातीच्या ट्रॅकवर तू दोन पानांतच त्याला उरकलंयस. तिथे किमान एक पूर्ण प्रकरण राहा. स्प्रिंट गाडीचं वजन जेमतेम साडेसहाशे किलो आणि इंजिनाची ताकद 900 अश्वशक्तीच्या घरात. तिला क्लच नाही, स्टार्टर नाही. मागून ट्रक ढकलत नेतो तेव्हा ती सुरू होते. डोक्यावर मोठा पत्र्याचा पंख. मागचं उजवं चाक डाव्यापेक्षा थोराड, म्हणजे गाडी आपणहूनच डावीकडे वळायला बघते. वळणावर ती सरळ जातच नाही, आडवी घसरत जाते, आणि ड्रायव्हर स्टिअरिंग उजवीकडे धरून डावीकडे वळत असतो. हेल्मेटच्या काचेवर पातळ प्लास्टिकचे थर लावलेले असतात. चिखल बसला की एक ओढून फेकायचा. ते किती उरलेत याचा हिशोब डोक्यात चालू असतो. आणि आपल्याकडच्या जत्रेतली बैलगाडा शर्यत तू पाहिली आहेस ना? लाउडस्पीकरवर नाव पुकारतात ते मालकाचं आणि बैलांचं. गाडा हाकणारा कोण, हे फळीवर बसलेल्या जाणकारांनाच माहीत. काउंटीच्या जत्रेतल्या मातीच्या ट्रॅकवर नवख्या ड्रायव्हरची गत फार वेगळी नसते. गाडी अमक्या प्लंबरची, तमक्या धान्य व्यापाऱ्याची. आज हा बसलाय, पुढच्या शनिवारी दुसरा.

मी शार्लटच्या बाजूला नोकरीला होतो तेव्हा शनिवारी रात्री हिकरीच्या ट्रॅकवर जाऊन बसायचो. तो डांबरी आहे, एका फेरीला अर्धा मैलसुद्धा भरत नाही. मला शर्यतीपेक्षा नंतरचा अर्धा तास आवडायचा. वेचून काढावी अशी माणसं तिथे दिसतात : ठोकलेली गाडी ट्रेलरवर चढवणारा बाप, पेट्रोलचे किती झाले ते मोजणारी बायको, आणि जरा लांब उभा राहून कोणाशी बोलावं याचा अंदाज घेणारा मुलगा. तो मुलगा तुझा नायक. तो मालक शोधतोय.

काळ ठरवताना मात्र गोंधळ नको. तुझ्या आराखड्यात हातभट्टी, मार्लबोरोच्या टोप्या आणि एका नटाचं आजचं चाक एकाच माणसाच्या आयुष्यात आलंय. ते एकच नट 2022 पासूनच्या गाड्यांना आहे, त्याआधी पाच असायचे. आणि मार्लबोरोचं नाव इंडीच्या, म्हणजे इंडियानापोलिस 500 वाल्या गाड्यांवर गाजलं, नॅसकारमध्ये कित्येक वर्षं विन्स्टन ही दुसरी सिगारेट होती. पन्नासच्या दशकातला नायक हवा असेल तर सुरुवात 1949 पासून कर. त्या वर्षी 19 जूनला शार्लटला नॅसकारची नव्या कोऱ्या गाड्यांची पहिली शर्यत झाली. ग्लेन डनवे नावाचा ड्रायव्हर आयत्या वेळी कोणाच्या तरी फोर्डमध्ये बसला आणि पहिला आला. तपासणीत निघालं की गाडीच्या मागच्या स्प्रिंगा दारू वाहण्यासाठी बदललेल्या होत्या. विजय रद्द, पहिला क्रमांक कॅन्सासहून लिंकन घेऊन आलेल्या जिम रोपरला. मालक कोर्टात गेला आणि हरला. बघ, आजच्या कप मालिकेच्या पहिल्याच शर्यतीत विजय ड्रायव्हरच्या हातून गेला तो मालकाच्या स्प्रिंगांपायी!

आता ज्या माणसासाठी खरं तर हे पत्र लिहितोय तो. ॲलन कुलविकी. विस्कॉन्सिनचा, पोलिश वंशाचा, मिलवॉकीच्या विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअर झालेला. दक्षिणेतल्या गाडीवाल्यांच्या दुनियेत इंजिनिअरची पदवी तेव्हा चेष्टेचा विषय होता. होतं नव्हतं ते विकून हा शार्लटला निघाला. निघायच्या दोन दिवस आधी त्याचा ट्रक जळाला, तर उसन्या आणलेल्या ट्रकला ट्रेलर जोडून आला. मालक तोच, ड्रायव्हर तोच, पुष्कळदा मेकॅनिकही तोच. 1986 चा सर्वोत्तम नवोदित ठरला. मग एक दिवस ज्युनियर जॉन्सनने, हो, त्या भट्टीवाल्यानेच, त्याला आपल्या टीममध्ये बोलावलं. तेव्हाची सधन टीम. कुलविकी नाही म्हणाला. पुन्हा बोलावणं आलं, या वेळी दहा लाख डॉलरचा आकडा, पुन्हा नाही. त्याला स्वतःच्या गाडीतच जिंकायचं होतं. मग जो प्रायोजक त्याच्याकडे येणार होता तोही जॉन्सनच्या गाडीकडे गेला, आणि 1991 च्या सुरुवातीला याची गाडी बिनजाहिरातीची धावत होती. अटलांटाला दुसऱ्या एका ड्रायव्हरची गाडी पात्र ठरली नाही, तिचा प्रायोजक, हूटर्स ही रेस्टॉरंटची साखळी, रिकामा राहिला, तो त्या आठवड्यापुरता कुलविकीकडे आला आणि टिकला. एवढ्या धाग्यावर अजिंक्यपद लटकलेलं होतं.

1992 मध्ये सहा शर्यती उरल्या असताना तो 278 गुणांनी मागे होता, डोव्हरला गाडी ठोकून. तिथून तो चढत आला. शेवटची शर्यत 15 नोव्हेंबरला, अटलांटाला, आणि सहा ड्रायव्हरांना अजिंक्यपदाची संधी. त्याच्या गाडीवर ‘थंडरबर्ड’ या फोर्डच्या मॉडेलच्या इंग्रजी नावातली पहिली दोन अक्षरं काढून ‘अंडरबर्ड’ लिहिलेलं होतं. फोर्डची रीतसर परवानगी घेऊन. गिअरबॉक्समधला पहिला गिअर तुटला, तरी रेटलं. शेवटी हिशोबावर आलं : जो सर्वाधिक फेऱ्या आघाडीवर राहील त्याला पाच जादा गुण. बिल एलियटने शर्यत जिंकली आणि 102 फेऱ्या आघाडी ठेवली. कुलविकी दुसरा आला, पण त्याच्या आघाडीच्या फेऱ्या 103. दहा गुणांनी विजेता. हा एलियट कोणाच्या गाडीत होता माहीत आहे? ज्युनियर जॉन्सनच्या. त्याच शर्यतीत रिचर्ड पेटी, 200 विजयांचा धनी, शेवटचा धावला, तर जेफ गॉर्डन पहिल्यांदा. तू हे सगळं एका दिवसात घडवलंस तर मीच समासात ‘अतिशयोक्ती’ लिहीन.

पाच महिने झाले नसतील, 1 एप्रिल 1993 ला प्रायोजकाचा एक कार्यक्रम आटोपून प्रायोजकाच्याच विमानातून ब्रिस्टलच्या शर्यतीला येताना विमान कोसळलं. अडतीस वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी टीमचा मोठा ट्रक ट्रॅकवर आला, हळूहळू काही फेऱ्या मारल्या आणि घरी निघून गेला. ज्याने आयुष्यभर मालक नाकारला, त्यालाही प्रायोजक नाकारता आला नाही. तुझ्या नायकाने एकदा तरी अशी ‘नाही’ म्हटलेली मला बघायची आहे, आणि तिची किंमत पुढच्या दोन प्रकरणांत वसूल होताना.

सगळ्यांनाच नाकारण्याची चैन परवडत नाही, हेही येऊ दे. व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा वेंडेल स्कॉट स्वतःची जुनी गाडी स्वतः दुरुस्त करून, मुलांना मदतीला घेऊन धावायचा, कारण कृष्णवर्णीय ड्रायव्हरला त्या काळी चांगली गाडी कोण देणार? 1 डिसेंबर 1963 ला जॅक्सनव्हिलला तो जिंकला. निशाण दाखवलं नाही. विजेता म्हणून बक बेकरचं नाव पुकारलं, फोटो काढले. काही तासांनी ‘मोजणीत चूक झाली’ म्हणून विजय स्कॉटच्या नावावर मांडला, पण चषक हाती आला नाही. तो 1990 मध्ये गेला. चषक कुटुंबाला मिळाला 2021 साली. यावर भाष्य करायच्या मोहात पडू नकोस, तारखा पुरेशा आहेत.

जॅनेट गथ्रीचंही तसंच. भौतिकशास्त्राची पदवी, विमान-उद्योगात इंजिनिअर, 1977 साली इंडियानापोलिस 500 आणि डेटोना 500 या दोन्ही शर्यतींत धावलेली पहिली स्त्री. पुढच्या वर्षी इंडियानापोलिसला नववी आली, तेही मनगटाचं हाड मोडलेलं असताना. नॅसकारमध्ये तिला गाडी दिली शार्लटमधल्या बँकेत काम करणाऱ्या लिंडा फेरेरी या बाईने. कौशल्याबद्दलचे टोमणे तिने ट्रॅकवर गप्प केले, पण पैसा उभा करणारे पुढे आले नाहीत आणि कारकीर्द तिथेच आटली. तुझ्या आराखड्यात नायकाची बहीण फक्त रडण्यापुरती आहे. एकदा विचार कर, खरी ड्रायव्हर तीच असेल तर?

आजच्या काळातला नायक हवा असेल तर रॉस चॅस्टेनची गोष्ट नीट वाच. फ्लोरिडातल्या कलिंगड पिकवणाऱ्या शेतकरी घराण्याची आठवी पिढी; जिंकला की गाडीवर चढून कलिंगड आपटतो. कैक वर्षं तळातल्या टीमच्या गाडीत, शर्यत पुरी करण्याएवढाच पैसा. 2018 मध्ये एका बड्या टीमने तीन शर्यतींसाठी दुसऱ्या फळीच्या मालिकेत चांगली गाडी दिली. दुसऱ्याच शर्यतीत, लास व्हेगासला, जिंकला. लगेच पुढच्या पूर्ण मोसमाचा करार. आणि डिसेंबरमध्ये त्या गाडीच्या प्रायोजक सौरऊर्जा कंपनीवर एफबीआयचा छापा पडला; नव्याचे पैसे जुन्याला देण्याचा प्रचंड घोटाळा होता तो. जानेवारीत टीमने ती गाडीच बंद केली. ना त्याने काही चुकीचं केलं, ना टीमने, आणि खुर्ची गेली. तो एक पायरी खाली, नॅसकारच्या पिकअप ट्रकच्या मालिकेत जाऊन बसला आणि तिथे जिंकत राहिला.

मग 30 ऑक्टोबर 2022, मार्टिन्सव्हिल. अर्ध्या मैलाचा, कागदाच्या क्लिपच्या आकाराचा ट्रॅक. अजिंक्यपदाच्या अंतिम चौघांत जायला त्याला दोन गाड्या ओलांडायला हव्या होत्या आणि उरली होती एक फेरी. त्याने पाचवा गिअर टाकला, गाडी बाहेरच्या भिंतीला लावली, ॲक्सिलरेटर तळाला दाबला, स्टिअरिंग सोडून दिलं. भिंत गाडीला वळवत गेली. पाच गाड्या मागे पडल्या. ती फेरी 18.845 सेकंदांची, त्या ट्रॅकवरच्या कप गाडीची सर्वांत वेगवान. लहानपणी व्हिडिओ गेममध्ये केलं होतं म्हणाला. पुढच्या मोसमात नॅसकारने सांगून टाकलं की असं पुन्हा केल्यास शिक्षा होईल. मी ते टीव्हीवर पाहिलं आणि पहिला विचार आला तो गाडीच्या मालकाचा. अख्खी उजवी बाजू भिंतीला घासून काढली होती पठ्ठ्याने. ज्याची एकदा खुर्ची कोणीतरी काढून घेतलीय, तोच असं करू शकतो, असं माझं मत. पुरावा मागू नकोस.

अपघात. तुझ्या आराखड्यात ज्वाळा आहेत, गाडीच्या आठ कोलांट्या आहेत, तीन महिन्यांची बेशुद्धी आहे. यातलं बरंचसं बदलावं लागेल. 18 फेब्रुवारी 2001 ला डेटोना 500 च्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट गेला तेव्हा टक्कर बघणाऱ्यांना फारशी मोठी वाटलीच नव्हती. कवटीच्या तळाचं हाड मोडलं होतं. त्याच वर्षी डोकं आणि मान बांधून ठेवणारं साधन सक्तीचं झालं. पुढे ट्रॅकच्या भिंतींना धक्का शोषणारे स्टील आणि फोमचे कठडे आले. त्यानंतर कप मालिकेत शर्यतीत एकही ड्रायव्हर दगावलेला नाही. 2020 मध्ये रायन न्यूमनची गाडी डेटोनाला उलटीपालटी होऊन पेटत थांबली, आणि दोन दिवसांनी तो मुलींचे हात धरून रुग्णालयातून चालत बाहेर आला. उलट 2022 मध्ये पोकोनोला कर्ट बुशची गाडी सरावासारख्या वाटणाऱ्या पात्रता फेरीत मागच्या बाजूने भिंतीवर आपटली. बघायला किरकोळ. मेंदूला बसलेल्या त्या धक्क्याने त्याची कारकीर्द संपली. डेलच्या मुलाने, धाकट्या अर्नहार्टने तर अशी लक्षणं कोणाला न सांगता फोनमध्ये टिपून ठेवली होती. का लपवली असतील? पुन्हा तोच प्रश्न : खुर्ची. बुशच्या गाडीत दुसऱ्याच दिवशी एकोणीस वर्षांचा टाय गिब्स बसला.

आणि थोरला अर्नहार्ट गेल्यावर आठवडाभरातच त्याच्या मालकाने, रिचर्ड चिल्ड्रेसने, केव्हिन हार्विक या नवख्याला त्याच जागी बसवलं. गाडीचा काळा रंग पांढरा केला, 3 चा आकडा काढून 29 लावला. तिसऱ्याच शर्यतीत, अटलांटाला, हार्विक 0.006 सेकंदाने जिंकला. मेलेल्या माणसाच्या खुर्चीत बसून जिंकलेल्या मुलाने त्या रात्री काय केलं असेल? तुझ्या नायकाचा अपघात मला त्याच्याइतकाच त्याच्या जागी बसणाऱ्याच्या नजरेतून वाचायला आवडेल. इस्पितळातल्या टीव्हीवर तो आपली गाडी दुसऱ्याने जिंकवताना बघतो, एवढ्यावर पुनरागमनाचं प्रकरण सुरू होऊ शकतं. ज्वाळा लागत नाहीत.

संवादांबद्दल थोडंसं. शर्यतीत ड्रायव्हर एकटा नसतो. स्टँडच्या छपरावर उभा असलेला स्पॉटर कानात सतत सांगत असतो, ‘आत आहे, अजून आहे, अजून, मोकळं.’ तुझा नायक स्वगतं बोलतो. त्याला वेळ कुठे आहे? गाडीबद्दलही तो दोनच तक्रारी करेल : लूज किंवा टाइट. लूज म्हणजे मागचा भाग सुटतोय, टाइट म्हणजे तोंड वळत नाही. आणि तो रेडिओ प्रेक्षकांनाही ऐकता येतो, लोक कानाला स्कॅनर लावूनच येतात. म्हणजे रागाच्या भरात त्याने मालकाला घातलेली शिवी हजारो लोक ऐकणार, प्रायोजकाचा माणूसही. तुझ्या सहाव्या प्रकरणातलं भांडण बंद खोलीतून काढून या रेडिओवर टाक. विजयानंतरचं दृश्यही बदल. तो हात उंचावून आकाशाकडे बघत नाही. प्रत्येक प्रायोजकाची टोपी घालून फोटो काढत असतो. एक टोपी, फोटो, दुसरी टोपी, फोटो.

पुण्याचा इंजिनिअर मित्र ठेवायचा की नाही, असं विचारलं होतंस. ठेवू शकतेस, टीममध्ये इंजिनिअर लागतातच, पण तो भारतीय आहे म्हणून शहाणपणाची वाक्यं त्याच्या तोंडी घालू नकोस. खरा धागा हवा असेल तर नारायण कार्तिकेयन 2010 मध्ये नॅसकारच्या ट्रक मालिकेत धावला होता आणि चाहत्यांच्या मतदानात त्या वर्षीचा सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर ठरला होता. मतं कुठून आली असतील ते तू आणि मी जाणतो.

आता कामाचं. चौथं प्रकरण इतक्यात लिहू नकोस. त्याआधी नायक ज्यांच्या गाड्यांत बसला त्या मालकांची यादी कर, पहिल्यापासून शेवटपर्यंत : नाव, गाव, धंदा, हा पोरगा त्याला कुठे दिसला, गाडी का दिली, का काढून घेतली. चार-पाच मालक पुरेत, त्यातली एक बाई असू दे. प्रत्येकावर एक पान. ते मला पाठव, आणि या वेळी कृपा करून फाइल पाठव, वहीच्या पानांचे फोटो नकोत. तुझं अक्षर वाचताना काकू माझ्या मागे उभी राहून अंदाज सांगत असते आणि मग आमची जुंपते.

तुझा,
काका